उरलेल्या चार गोळ्या

१

बेचाळीस गोळ्या गेल्या होत्या, आणि त्या कुणी नेल्या हे सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मला बोलावलं होतं ते फक्त कागदाखाली सही करायला.

आमच्या कंपनीच्या पाच कारखान्यांत फिरून नोंदवह्या तपासणं हे माझं काम. औषधाच्या धंद्यात खोडाखोड चालत नाही. काही चुकलं तर चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते लिहायचं, कारण द्यायचं, तारीख घालायची आणि सही करायची. कुणी पांढरा रंग फासला किंवा पान फाडलं, की मी तिथे हजर. त्यामुळे माझ्यामागे मला 'खोडरबर' म्हणतात. पुढ्यात 'मॅडम' म्हणतात, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

व्यवस्थापक साहेब वयाने माझ्या भाच्याएवढे. कागद त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता.

"मॅडम, उघड गोष्ट आहे. काचसामान धुणाऱ्या मावशी आहेत ना, त्यांच्या नातवाला फिट येतात. गोळ्या गेल्या त्याही फिटवरच्याच. फरशी पुसायला त्या एकट्या नमुना खोलीत जातात. विचारलं तर म्हणतात, तुम्हाला वाटतं तसं समजा."

"एवढंच म्हणाल्या?"

"एवढंच. तेव्हापासून तोंडाला कुलूप. शुक्रवारी त्यांना काढायचं ठरलंय."

तो बुधवार होता. एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला चोर ठरवायला मला दोन दिवस मिळाले होते. मी पेनाचं टोपण काढलं नाही.

२

प्रत्येक बॅचमधला थोडा माल कंपनी स्वतःजवळ जपून ठेवते. उद्या कुणाची तक्रार आली तर त्याच बॅचचा नमुना हाताशी असावा म्हणून. हे राखीव नमुने एका थंड, कोरड्या खोलीत असतात, आणि त्या खोलीचा मालक म्हणजे कुलूपदादा. खरं तर ते भांडारातले कारकून, पण कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की ते येण्याआधी आवाज येतो.

"वर्षातून एकदा सगळे खोके उघडून बघतो मी," ते म्हणाले. "सोमवारी बघितले. सात बॅच, सात खोके. प्रत्येकातल्या एकेका स्ट्रिपमधून गोळ्या कमी."

"दाखवा."

त्यांनी सात स्ट्रिपा टेबलावर मांडल्या. दहा गोळ्यांची स्ट्रिप. प्रत्येकीत चार गोळ्या उरलेल्या, सहा गायब. कात्रीने सरळ रेषेत कापलेलं, आणि उरलेला तुकडा नीट खोक्यात परत ठेवलेला.

"किल्ली कोणाकोणाला मिळते?"

"मला, साहेबांना आणि लॅबमधल्या गुरुजींना. मावशी पुसायला येते तेव्हा मीच उघडून देतो आणि बाहेर उभा राहतो." ते जरा घुटमळले. "खरं सांगू? नेहमी नाही उभा राहत. चहाला जातो."

मी त्या सात तुकड्यांकडे बघत राहिले. नातवासाठी गोळ्या चोरायच्या तर आजी अख्खी स्ट्रिप पदराआड घालेल. कात्री घेऊन सहाच कशाला कापेल? आणि सहा-सहा गोळ्यांनी कुठल्या पोराचं काय भागणार? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुपारी जेवायच्या खोलीत डबा उघडला तर काकडीला मीठ नव्हतं. लॅबमधल्या एका मुलीने फळीवरची छोटी तपकिरी बाटली माझ्यापुढे सरकवली. बाटलीवर चिठ्ठी होती: 'मीठ. भरल्याची तारीख पाच. प्रमाण पन्नास ग्रॅम.' खाली सही.

"गुरुजींची आहे," ती हसू दाबत म्हणाली. "सगळ्यांत जुने परीक्षक आमचे. चष्म्याच्या घरावरसुद्धा चिठ्ठी आहे त्यांच्या. घरूनच भरून आणतात बाटल्या. घरात म्हणे सगळं असंच, बाटलीत आणि चिठ्ठी लावून."

"आज दिसले नाहीत ते."

"शनिवारपासून रजेवर आहेत. मुलीला बरं नाही."

मी बाटली उलटी केली. काही पडलं नाही. तळव्यावर आपटली, तेव्हा मिठाचं एकच ढेकूळ आतल्या आत आपटलं. शेवटी चमच्याच्या टोकाने खरवडून घेतलं.

"झाकण तर घट्ट आहे," मी म्हटलं.

"पण रोज उघडतात ना," ती म्हणाली, आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागलो.

३

मावशींना आत यायला बंदी होती. तरी त्या फाटकापाशी पहारेकऱ्याच्या बाकावर बसलेल्या होत्या. अंगात कामाचा निळा कोट, मांडीवर पिशवी.

"घरी का नाही गेलात?"

"रजा टाकलेली नाही मी," त्या म्हणाल्या. "साडेसातला येते, साडेचारला जाते. आत घेत नाहीत तर इथे बसते."

मी शेजारी बसले. माझे गुडघे कुरकुरले, त्यावर त्यांनी पिशवीतली घडी केलेली चादर माझ्या पाठीशी लावली. मग आम्ही थोडा वेळ नातवाबद्दल बोललो. तो सहावीत होता, गणितात ढ आणि पळण्यात पहिला. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळत होत्या, आणि दर महिन्याच्या कागदावर मावशींची सही होती. पिशवीतून त्यांनी ते कागद काढून दाखवले. एकही महिना चुकला नव्हता.

"हे साहेबांना का नाही दाखवलंत?"

"त्यांनी विचारलं नाही. ते सांगत होते."

सही मोठ्या, गोल अक्षरांत होती, शाळेतल्या फळ्यावर असते तशी.

"छान आहे सही."

त्यांचा चेहरा खुलला. "गुरुजींनी शिकवली. आधी अंगठा द्यायचे. धुण्याच्या वहीत अंगठा चालत नाही म्हणाले. रोज दुपारी दहा मिनिटं, चार महिने. एकदाही चिडले नाहीत."

मग मी त्यांना कामाबद्दल विचारलं. टेस्टची काचेची भांडी त्या कशा धुतात, किती पाण्यातून काढतात, कशी पालथी घालतात. त्या अगदी खुशीत सांगत होत्या.

"आणि मावशी, कधी असं होतं का, की तुम्ही सकाळी येता आणि भांडी आधीच कुणी धुवून ठेवलेली असतात?"

पिशवीचे बंद ओढून त्यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"किती भांडी, मावशी? सहा?"

"ऊन आलं इकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत जा."

त्या कुणाला तरी पाठीशी घालत होत्या. कुणाला, ते आता मला कळलं होतं. पण त्यांनी हे का केलं, ते कळत नव्हतं.

४

गोळी पोटात गेल्यावर वेळेत विरघळते की नाही हे बघायची एक टेस्ट असते. काचेच्या भांड्यांत शरीराएवढं कोमट पाणी घ्यायचं, प्रत्येकात एक गोळी सोडायची आणि तासभर हळूहळू ढवळत राहायचं. आमच्या यंत्रात अशी भांडी एका रांगेत असतात, आणि ती असतात सहा.

चोर दहा नेतो. सहा फक्त परीक्षक नेतो.

गुरुवारी सकाळी मी त्या यंत्राच्या मागे वाकले. तिथे यंत्र किती तास चाललं ते मोजणारा बोटभर मीटर असतो. नऊ महिन्यांपूर्वीच्या दुरुस्तीपासून किती तास झाले ते मी उतरवून घेतलं. मग वहीत लिहिलेल्या सगळ्या टेस्टची बेरीज केली, दोनदा. यंत्र वहीपेक्षा सात तासांनी पुढे होतं. सात बॅच, सात टेस्ट, प्रत्येकी एक तास, आणि वहीत एकाचीही नोंद नाही.

फाटकावरची वही मागवली. गेल्या सात महिन्यांत सात सकाळी एक माणूस सहाच्या ठोक्याला आत आला होता. मावशींच्या दीड तास आधी. सही गुरुजींची होती.

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आमच्या धंद्यात चोरीपेक्षा वाईट गोष्ट एकच, चोरून केलेली टेस्ट. बॅच विकायला सोडल्यावर कुणी तीच टेस्ट पुन्हा गुपचूप करतो, तेव्हा त्याला काहीतरी ठाऊक असतं. या सातही बॅच गुरुजींच्याच सहीने बाहेर गेल्या होत्या. त्या गोळ्या विरघळत नसतील तर? आणि हे त्यांना कळूनही ते गप्प बसले असतील तर? किती घरांत या गोळ्या पोचल्या असतील याचा मी विचार करायला लागले, आणि तो मधेच सोडून दिला.

संध्याकाळी साहेबांकडून पत्ता घेतला आणि निघाले.

५

दार त्यांच्या मुलीने उघडलं. विशीची असेल. उजव्या भुवईवर टाके आणि पट्टी.

"तुम्ही खोडरबर काकू ना?" ती म्हणाली, आणि मग जीभ चावली.

"मीच ती. बाबा आहेत?"

गुरुजी आतून आले. सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण ते पळवाट शोधणारे नव्हते.

"नमुने मोजले वाटतं," ते म्हणाले. "मी सोमवारी येऊन सांगणारच होतो. शनिवारी ही न्हाणीघरात पडली, मग राहिलं."

"तुम्हाला माहीत नाही का? मावशींवर आळ आलाय. चार दिवस बाकावर बसवलंय त्यांना."

"मावशींवर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. मग ते सरळ कोपऱ्यात गेले आणि चपला घालायला लागले.

"बाबा, कुठे निघालात?"

"मावशीकडे."

"थांबा," मी म्हटलं. "आधी मला सगळं सांगा, म्हणजे उद्या तुमच्याबरोबर मला बोलता येईल."

ते एक चपल घालून तसेच स्टुलावर बसले. मुलीला लहानपणापासून फिट येत. या गोळ्या सुरू झाल्या आणि सलग तीन वर्षं एकही आली नाही. आठ महिन्यांपूर्वी तिची आई गेली. महिन्याभरात पुन्हा फिट सुरू झाल्या.

"डॉक्टर म्हणाले, आईचं दुःख आहे, झोप नाही, होतं असं. डोस वाढवला. पण मला राहवेना. गोळी आमच्याच कंपनीची. बॅच मीच पास केलेली. पण शंका बापाला येतेय की परीक्षकाला, हेच मला कळेना. एका घरच्या गाऱ्हाण्यावर अख्खी बॅच थांबवा असं कोणत्या तोंडाने म्हणू? म्हटलं, आधी आपण बघू. घरात जो नवा बॉक्स येई, त्याच बॅचच्या राखीव नमुन्यातल्या सहा गोळ्या."

"आणि निकाल?"

त्यांनी कपाटातून वही काढली. चोरून केलेल्या टेस्टचीसुद्धा त्यांनी वही ठेवली होती. तारीख, बॅच, पाण्याचं तापमान, सहा भांड्यांचे सहा आकडे, सही. मी सातही पानं शेवटपर्यंत तपासली. सगळ्या गोळ्या उत्तम विरघळल्या होत्या.

मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी सोडला नाही.

"प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला तरी नापास व्हावी," ते म्हणाले. "म्हणजे निदान कारण तरी कळेल. बघा, पोटच्या पोरीपायी आपलंच औषध वाईट निघावं असं वाटायला लागलं मला."

मुलगी त्यांच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. "बाबा, आठ वाजले. गोळी घेते," ती म्हणाली, आणि न्हाणीघराकडे गेली.

"गोळ्या न्हाणीघरात?" मी विचारलं.

"ब्रशाशेजारी. म्हणजे विसरत नाही. हिची आई स्ट्रिपा कुठेही टाकायची, फ्रिजवर, उशीखाली. वेळ झाली की एक गोळी फाडून हातावर द्यायची. मी तिला म्हणायचो, तुझ्या कामाला काही पद्धत नाही. आता मी नीट करतो. महिन्याच्या साठ गोळ्या एक तारखेला काढून बाटलीत भरून ठेवतो."

मुलगी बाटली घेऊन बाहेर आली. छोटी, तपकिरी, चिठ्ठी लावलेली. भरल्याची तारीख, संख्या, सही.

मला मिठाचं ढेकूळ आठवलं.

६

"ती गोळी अजून घेऊ नकोस," मी म्हटलं. "गुरुजी, या महिन्याच्या बॉक्समधल्या स्ट्रिपा उरल्या आहेत?"

"चार आहेत. त्याच बॅचच्या."

"दोन पेले आणा. कोमट पाणी. आणि घड्याळ."

ते काही विचारणार होते, पण 'कोमट पाणी' ऐकल्यावर त्यांचे हात आपोआप कामाला लागले. पाणी मनगटावर पाहून घेतलं, दोन्ही पेल्यांत सारखं ओतलं. डाव्या पेल्यात मी स्ट्रिपमधली गोळी सोडली, उजव्यात बाटलीतली. एकच बॅच, एकच औषध. गुरुजींनी वहीचं कोरं पान उघडून वेळ लिहिली. सवयच ती.

डावीकडची गोळी दुसऱ्या मिनिटाला फुलली, चौथ्या मिनिटाला तिचा भुगा होऊन तळाशी बसला.

उजवीकडची तशीच होती. पाच मिनिटं, दहा, वीस. मुलीने चमचा घालून ढवळलं, तेव्हा गोळी काचेवर खड्यासारखी वाजली.

गुरुजी पेल्याकडे बघत होते, पेन हातात तसंच होतं.

"तुमची लॅबमधली टेस्ट खरी होती," मी शक्य तितक्या हळू म्हटलं. "खोली कोरडी, स्ट्रिप बंद, गोळ्या उत्तम. पण हिच्या पोटात त्या गोळ्या जात नव्हत्या. रोज दोनदा बाटली उघडायची, न्हाणीघराची वाफ आत शिरायची. काही गोळ्यांना ओल लागली की त्या विरघळण्याऐवजी कडक होतात. हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

"मी पोरांना शिकवतो हे," ते म्हणाले. "दर वर्षी. फळ्यावर चित्र काढून."

"मग घरच्या बाटलीतली एखादी टेस्टला का नाही लावलीत?"

"बाहेरची गोळी लॅबमध्ये आणायची नाही. नियम आहे."

मोडू नये तो नियम त्यांनी सात वेळा मोडला होता, आणि मोडला असता तर पहिल्याच महिन्यात उत्तर मिळालं असतं असा नियम मात्र निष्ठेने पाळला होता. मला रडू येत होतं आणि थोडं हसूही.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "माझ्याच हाताने."

मुलगी त्यांच्या पायाशी बसली. दुसऱ्या पायात चपल नव्हतीच, पहिल्या पायातली तिने काढून ठेवली.

"बाबा, आई गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा हसलात ते ही बाटली भरून झाल्यावर. म्हणालात, झालं, आता तुझी काळजी नाही. मला वाटलं, दुःखाने फिट येतात म्हणजे मीच नीट राहत नाही. तुमच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं मी." तिने डोळे पुसले. "आता रडू ना?"

त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पेले विसळत बसले.

परत आल्यावर मी म्हटलं, "आता डॉक्टरांना फोन. मधे डोस वाढवलाय त्यांनी, आणि चांगली गोळी सगळीच्या सगळी लागू पडणार. किती घ्यायची ते त्यांनाच ठरवू दे." गुरुजी मान हलवून उठले. तेव्हा ते पुन्हा परीक्षक दिसले, आणि मला बरं वाटलं.

७

शुक्रवारी साडेसातला गुरुजी फाटकाशी आले ते आत गेले नाहीत. बाकावर मावशींच्या शेजारी बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मावशींचं मात्र आलं.

"पोरगी कशी आहे ते सांगा आधी," त्या म्हणाल्या. "आणि भांडी धुवायची तर नीट धुवा. दर वेळी परत धुवावी लागायची मला."

साहेबांसमोर गुरुजींनी सगळं स्वतः सांगितलं आणि लिहून दिलं. चोरून टेस्ट केल्याबद्दल त्यांना तीन महिने टेस्टवरून दूर ठेवलं, आणि ते योग्यच झालं. अहवालात मी ते तसंच लिहिलं. पण त्याच अहवालात शेवटी एक सूचनाही घातली, की या गोळीच्या खोक्यावर ठळक छापा: घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा, न्हाणीघरात ठेवू नका. आता ती ओळ प्रत्येक खोक्यावर असते. साहेबांनी मावशींची माफी मागितली, जरा अडखळत. मावशी म्हणाल्या, असू दे, तुम्ही अजून लहान आहात. मग निळ्या कोटाच्या बाह्या सरसावून आत गेल्या, कारण चार दिवसांची भांडी साठली होती.

तीन महिन्यांनी मी पुन्हा त्या गावी गेले तेव्हा गुरुजींकडे जेवायला थांबले. नव्वद दिवसांत एकही फिट नव्हती. फ्रिजवर एक अर्धी कापलेली स्ट्रिप पडली होती, दुसरी रेडिओच्या मागे. आठ वाजले तशी मुलीने एक गोळी फाडली, तळहातावर घेतली आणि बापाला दाखवून तोंडात टाकली.

जेवण झाल्यावर गुरुजींनी ती वही माझ्यापुढे ठेवली. "तपासून द्या," म्हणाले.

पहिल्या पानावर अकरा महिन्यांपूर्वीच्या तारखेने लिहिलेलं होतं: 'पद्धत. महिन्याच्या गोळ्या एकत्र काढून बाटलीत भरणे.' त्यावर एकच आडवी रेघ होती. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कारण: पद्धत चुकीची. आधीची पद्धत, हिच्या आईची, बरोबर होती. तीच पुढे चालू.' तारीख. सही.

मी खाली 'तपासलं' असं लिहिलं आणि सही केली. माझी सही त्या दिवशी जरा वाकडी आली. ती मी तशीच राहू दिली.